काडतुसांच्या पुंगळ्या : टंबलर कोणता घ्यावा?

अमेरिकेत अनेक नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात. त्याआधी त्या स्वच्छ हव्यातच, कारण काजळीखाली बारीकशी चीरही लपून राहते. ही स्वच्छता टंबलर नावाच्या यंत्रात करतात; त्याचे हे दोन प्रकार.

● थरथरणारा, कोरडा : भांड्यात मक्याच्या कणसाच्या दांड्यांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भरडा. स्वस्त, सोपा, पुंगळ्या वाळवायची कटकट नाही. दोन-चार तासांत बाहेरून लखलखतात, पण बुडातल्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) खोबणीतली काजळी बरीचशी तशीच राहते.

● फिरणारा, ओला : पिंपात पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि पोलादी बारीक सळ्या. खोबणीसकट आतूनही पुंगळी नव्यासारखी होते. मात्र प्रत्येक सळी वेचून काढा आणि पुंगळ्या पूर्ण वाळवा. ओल राहिली तर दारू निकामी होते.

● कुणी काय घ्यावे : थोड्या पुंगळ्या, साधा सराव असेल तर कोरडा पुरतो. आतून-बाहेरून स्वच्छता हवी आणि हाताशी वेळ असेल, तर ओला.

● शिसे सांभाळा : भरड्याच्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते. मास्क लावून घराबाहेर चाळा, हात धुवा, मुलांना लांब ठेवा.

● अमोनिया नको : एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची तबेल्यांत ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात तडकत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये उलगडले. म्हणून अमोनियायुक्त पॉलिश पुंगळ्यांना कधीही लावू नका.