पहिली कादंबरी आणि मुखपृष्ठाचा प्रश्न

प्रस्थापित लेखकाचे पुस्तक वाचक नाव पाहून हाती घेतो. नवोदित कादंबरीकाराच्या नावाला तो आधार नसतो. ग्रंथप्रदर्शनात असो वा मोबाइलच्या पडद्यावर, त्याची पहिली ओळख मुखपृष्ठच करून देते. तरीही आपल्याकडे मुखपृष्ठाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. प्रकाशन समारंभाची तारीख ठरते, निमंत्रणपत्रिका छापून होतात आणि मग घाईघाईने सूर्यास्ताचे, पाठमोऱ्या स्त्रीचे किंवा जुन्या घराचे चित्र निवडले जाते. चित्र देखणे असते. पण ते दुसऱ्या कुठल्याही कादंबरीवर तितकेच शोभले असते. अर्थपूर्ण मुखपृष्ठ म्हणजे काय आणि ते घडताना लेखकाने कशाचा आग्रह धरावा, हे समजून घेण्यासाठी इंग्रजी साहित्यातील एक उदाहरण उपयोगी पडते.

सूर्य आणि चंद्र एकाच आकाशात

जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. ‘द हॉबिट’ ही त्यांची पहिली कादंबरी सप्टेंबर १९३७ मध्ये लंडनच्या ‘जॉर्ज ॲलन अँड अनविन’ने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचे वय ४५ होते. पहिली छपाई अवघ्या १,५०० प्रतींची होती. पुस्तकाच्या वेष्टनाचे चित्र त्यांनी स्वतःच काढले. दाट अरण्य, त्यामागे बर्फाच्छादित डोंगररांग, गरुड आणि ड्रॅगन असे ते एकसलग चित्र मुखपृष्ठापासून कण्यावरून मलपृष्ठापर्यंत पसरते. आकाशात सूर्य आणि चंद्र दोन्ही एकाच वेळी आहेत.

पुस्तक न वाचलेल्याला ही केवळ कल्पनारम्य सजावट वाटेल. वाचलेल्याला मात्र आठवते की, डोंगरातील गुप्त दाराची खूण वर्षातील एका विशिष्ट दिवशीच उमगते, आणि त्या दिवशी सूर्य व शरदातील शेवटचा चंद्र एकत्र दिसतात. चित्राभोवतीच्या चौकटीत रून लिपीतील अक्षरे आहेत. तीही नक्षी नव्हे. त्यांत पुस्तकाचे नाव, उपशीर्षक, लेखक आणि प्रकाशक यांचा उल्लेख आहे. कथेतील नकाशावरही हीच लिपी असल्याने जिज्ञासू वाचकाला ती उलगडता येते.

एप्रिल १९३७ मध्ये चित्राचा कच्चा आराखडा पाठवताना टोल्किन यांनी प्रकाशकाला लिहिलेले पत्र नव्या लेखकाने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. हे काम आपल्या कौशल्यापलीकडचे असल्याची कबुली त्यांनी दिली. निळा, हिरवा, लाल आणि काळा हे चार रंग फार होतील, हेही त्यांनी स्वतःच ओळखले. लालऐवजी पांढरा वापरावा, सूर्य काढून टाकावा किंवा त्याभोवती नुसती रेघ ओढावी, डोंगर आणि झाडे सोपी करावीत, असे पर्याय त्यांनी सुचवले. मात्र सूर्य आणि चंद्र एकत्र का दाखवले आहेत, हेही त्याच पत्रात कळवले. अखेर खर्चापायी लाल रंग गेला, सूर्य राहिला. काय वगळले तर काय हरवेल, हे प्रकाशकाला आधीच ठाऊक असणे किती मोलाचे असते, ते यावरून ध्यानात येते.

पुस्तक न वाचता काढलेले चित्र

याच कादंबरीच्या वाट्याला नेमका उलट अनुभवही आला. १९६५ मध्ये अमेरिकेत ‘बॅलन्टाइन’ने तिची स्वस्त आवृत्ती काढली. चित्रकार बार्बरा रेमिंग्टन यांना पुस्तक वाचण्याची संधी मिळाली नव्हती. मुखपृष्ठावर सिंह, एमू पक्षी आणि गुलाबी गोळ्यांसारखी फळे लागलेले झाड अवतरले. यांचा कथेशी संबंध काय, असा प्रश्न टोल्किन यांनी उद्वेगाने विचारला. पुढच्या छपाईत सिंह गेला; बाकीचे चित्र कायम राहिले. यात दोष चित्रकाराच्या हाताचा नव्हता. संहिता आणि चित्रकार यांची भेटच झाली नव्हती.

मराठी लेखकाने काय करावे

मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्यासारख्या चित्रकारांनी मराठी मुखपृष्ठाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या परंपरेचा लाभ घ्यायचा, तर चित्रकाराला संपूर्ण संहिता आणि ती वाचण्याइतका अवधी द्यायला हवा. सोबत लेखकाने एक पानभर टिपण द्यावे. त्यात कथासार नको. कथेत पुन्हा पुन्हा येणारी आणि शेवटाकडे जाताना अर्थ बदलणारी एखादी वस्तू, जागा किंवा रंग कोणता, तेवढे लिहावे. काय बदलले तरी चालेल आणि काय मुळीच गाळता येणार नाही, हेही स्पष्ट करावे. रेषा, रचना आणि अवकाश यांचा निर्णय मात्र चित्रकारावर सोपवावा.

शीर्षकाची अक्षरे हाही चित्राचाच भाग असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येतात. त्यांना उभी जागा न ठेवल्यास शीर्षक गुदमरते. मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहावे. तेव्हाही शीर्षक वाचता आले, तरच ऑनलाइन विक्रीत त्याचा निभाव लागेल. पडद्यावरचा रंग कागदावर तसाच उतरत नाही, म्हणून छापील नमुना पाहिल्याखेरीज संमती देऊ नये. कण्याची रुंदी पृष्ठसंख्या आणि कागदाची जाडी यांवर अवलंबून असते. ती मुद्रकाकडून ठरवून घ्यावी.

महाजालावरून उचललेले चित्र वापरणे हा प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो. चित्रकाराशीही लेखी करार हवा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, हक्क हस्तांतरित करताना मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. पुढील आवृत्त्या, अनुवाद आणि ई-पुस्तक यांचा उल्लेख त्यासाठीच आवश्यक ठरतो.

या साऱ्यानंतर एक कसोटी उरते. संहिता वाचलेल्या एखाद्या स्पष्टवक्त्या मित्रासमोर मुखपृष्ठ ठेवावे आणि हे चित्र दुसऱ्या कादंबरीवर चालले असते का, असे विचारावे. उत्तर ‘हो’ असेल, तर प्रकाशनाची तारीख पुढे ढकलणे हेच श्रेयस्कर.