बीनचा भोपळा, तारप्याचा भोपळा

मुंबईहून निघालेले पुण्याचे आणि गोव्याचे रस्ते पनवेलपुढे जेथे फुटतात, त्या पळस्पे फाट्याची ओळख बहुतेकांना एस.टी.च्या खिडकीतूनच झालेली असते. याच पळस्पे गावी रुद्रवीणेचे थोर वादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी १९८० च्या दशकात ध्रुपदाचे गुरुकुल उभे केले, आणि अमेरिका व युरोपातून आलेली माणसे तेथे जमिनीवर मांडी घालून खर्ज लावू लागली. अशी छायाचित्रे पाहिली की आपल्याकडे एक ठरलेला सुस्कारा ऐकू येतो : परक्यांना आपल्या संगीताची किंमत कळली, आपल्या पोरांना मात्र कळत नाही!

हा सुस्कारा मला फारसा प्रामाणिक वाटत नाही.

झिया मोहिउद्दीन यांचा जन्म १९२९ चा, उदेपूरचा. वडील झियाउद्दीन खाँ हे तेथील महाराणांचे दरबारी कलावंत. संस्थाने विलीन झाली आणि बीनकारांच्या पाठीशी असलेला राजाश्रय गेला. बीन हे मुळातच मंद आवाजाचे, एकांतात रमणारे वाद्य. सभागृहातील तिकिटे खपविण्याची त्याची प्रकृती नव्हे. सतार आणि सरोद यांच्या झळाळीपुढे ते मागे पडले. डागरसाहेबांनी आपले वाद्य आकाराने वाढविले, भोपळे मोठे घेतले, तारा जाड लावल्या, आणि त्यातून जो खोल, रेंगाळणारा नाद निघाला त्याला कान देणारे मोजकेच होते. ते अमेरिकेतील वेस्लियन आणि सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत शिकवावयास गेले. त्यांना तेथे विद्यार्थी मिळाले, कारण तेथे संगीत शिकण्यासाठी दोन-चार वर्षे बाजूला काढणे एखाद्या तरुणास शक्य होते. आमच्या कारकुनाच्या मुलाला ते शक्य नव्हते. मॅट्रिक झाल्याबरोबर टंकलेखनाच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाने पहाटे चारला उठून एक षड्ज तासभर धरावा, अशी अपेक्षा करणाऱ्याने त्याच्या घरचे भाडेही भरावे.

तो तासभराचा षड्ज हीच या विद्येची खरी परीक्षा. ध्रुपदात वाद्य हाती येण्याआधी गळा तयार करावा लागतो, कारण वीणा गळ्याचेच अनुकरण करते. स्वरलिपीची वही समोर नसते. गुरू एक वाक्य गातो, शिष्य ते परत गातो. चुकले तर गुरू चूक समजावून सांगत नाही, पुन्हा गातो. स्वरलेखन वाचून वाढलेल्या पाश्चात्त्य वादकाला हे प्रथम फार जड जाते. त्याचा कान पियानोच्या बारा पट्ट्यांवर घडलेला. आणि येथे तर एकाच कोमल ऋषभाची जागा रागागणिक सरकते. आधी शिकलेले विसरण्याची तयारी ज्याची नसते, तो महिन्याभरात परततो.

जॉर्ज हॅरिसनचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. बीटल्सचा हा गिटारवादक सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला, ताजमहाल हॉटेलात उतरला. ओळखला गेला, गर्दी जमली आणि गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. पुढे दोन-एक वर्षांतच सतारवादक होण्याचा नाद सोडून तो गिटारकडे वळला. पुष्कळांनी याला हौस म्हणून हसण्यावारी नेले. मला त्यात नम्रता दिसते. समोर कोणता डोंगर आहे हे कळण्याइतका तो शिकला होता.

त्याहून बोलके उदाहरण जोडी स्टेकर यांचे. हे अमेरिकेतील लोकगीतांचे गायक. बँजो, मँडोलिन वाजविणारे. डागर बंधूंकडे ते सूरसिंगार शिकले, पण आपली डोंगरी गाणी त्यांनी टाकली नाहीत. फ्रान्सचे फिलिप ब्रुगिएर हेही झिया मोहिउद्दीन यांचेच शिष्य. त्यांनी पॅरिसच्या संगीत संग्रहालयात जुन्या वाद्यांचा सांभाळ केला. दिल्लीच्या उस्ताद असद अली खाँ यांचे जर्मन शिष्य कार्स्टन विके यांनी तर कोलकात्यात रुद्रवीणा घडविण्याचेच काम अंगावर घेतले. झिया मोहिउद्दीन १९९० मध्ये गेले, धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन २०१३ मध्ये. झिया मोहिउद्दीन यांचे चिरंजीव बहाउद्दीन यांनी बीन हाती घेतली आणि परंपरा पुढे चालविली.

हे सारे साखरशेतच्या वाचकास सांगण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, जव्हार-मोखाड्याच्या या टापूतही भोपळ्याचेच एक वाद्य आहे. वाळविलेला दुध्या, त्याला मेणाने जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा : हा तारपा. भात तयार झाले की रात्र रात्र तो वाजतो, आणि नाचणाऱ्यांचा फेर तारपकऱ्याभोवती फिरतो. वाजविणारा श्वास तुटू देत नाही. गाल भरून ठेवतो, नाकाने हवा घेतो आणि सूर अखंड चालू राहतो. ही क्रिया शिकण्यास वर्षे लागतात. तिची वही नाही, अभ्यासक्रम नाही. बापाच्या शेजारी बसून पोर शिकते. पळस्प्याला ज्या पद्धतीचे आपण गुरुकुल म्हणून कौतुक करतो, ती येथे अंगणात चालू असते आणि तिला आपण शिक्षण म्हणत नाही.

आमच्या शाळांतून तारपा दिसतो तो पाहुण्यांच्या स्वागतापुरता. मंत्रिमहोदयांची मोटार आली की तारपकऱ्याने दहा मिनिटे वाजवावे, नारळ घ्यावा आणि मंडपाबाहेर उभे राहावे. संगीताच्या तासाला, जेथे असा तास असतो तेथे, पेटीवर प्रार्थना बसविली जाते. पेटीशी माझे भांडण नाही. पण त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या घरी पिढ्यांची विद्या आहे आणि ती हजेरीपटात कोठेच येत नाही, हे शिक्षकाला ठाऊक असते की नाही, एवढेच मला विचारावयाचे आहे. स्टेकर यांना आपल्या लोकगीतांची लाज न वाटता डागरांच्या पायाशी बसता आले. आमच्या मुलाला शहरातील नोकरीच्या मुलाखतीत ‘छंद’ या रकान्यात तारपा लिहिण्याचा धीर होत नाही.

तारप्यासाठी दुध्या वेलीवरच निबर होऊ द्यावा लागतो. भाजीसाठी कोवळा खुडला, की त्या वर्षी वाद्य नाही.