कॅमेऱ्याची खूण

पूर्वी पत्र लिहायला बसले की माणूस आधी वर मध्यभागी 'श्री' काढी. दुकानदार दिवाळीला नवी वही घेई, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढी. लग्नपत्रिकेवर गणपती असे. तो आजही असतो. लिहिण्याला शोभा आणणारी खूण आपल्याला नवी नाही. आता पत्रे कमी झाली. मोबाइल आला. घरातली मुले मोबाइलवर फोटो लावतात आणि खाली दोन शब्द लिहितात. त्या शब्दांजवळ कधी कधी एक चिमुकला कॅमेरा दिसतो. असा: 📷

हे चित्र आहे की अक्षर?

दिसायला चित्र. पण मोबाइलच्या लेखी ते अक्षरच आहे. कसे ते पाहा. यंत्राला 'क' कळत नाही, आकडा कळतो. म्हणून जगातल्या लिप्यांतील अक्षरांना एकेक नंबर दिलेला आहे. शाळेच्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाचा नंबर असतो ना, तसाच. या हजेरीपटाला 'युनिकोड' म्हणतात. तो १९९१ साली प्रथम निघाला, आणि आपली देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. आपल्या 'क'चा नंबर २३२५. कॅमेऱ्याचा नंबर १,२८,२४७. कॅमेऱ्याचे नाव पटावर चढले २०१० साली. त्याच्या शेजारी बसतो दिवा चमकलेला कॅमेरा 📸. तो २०१४ साली आला. सिनेमाचा कॅमेरा 🎥 निराळा, त्याचा नंबरही निराळा.

तुम्ही कराडहून विट्याला कॅमेरा पाठवला, तर वाटेने चित्र जात नाही, नुसता नंबर जातो. विट्याचा मोबाइल नंबर वाचतो आणि आपल्या जवळचे चित्र दाखवतो. म्हणून एकाच्या मोबाइलवर कॅमेरा काळा, तर दुसऱ्याच्या मोबाइलवर करडा दिसतो. मोबाइल जुना असला आणि त्याला तो नंबर ठाऊकच नसला, तर रिकामा चौकोन दिसतो. तेव्हा चौकोन दिसला म्हणजे मोबाइल बिघडला, असे समजू नका.

अशा खुणांना 'इमोजी' म्हणतात. शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. १९९९ साली जपानात शिगेताका कुरिता यांनी एका मोबाइल कंपनीसाठी अशी १७६ चित्रे तयार केली. प्रत्येक चित्र आडवे बारा आणि उभे बारा, एवढ्याच ठिपक्यांत बसवले. आपल्या बायाबापड्या ठिपक्यांची रांगोळी काढतात, तोच हिशेब! त्या १७६ मध्ये कॅमेराही होता.

आता ही खूण लावायची कुठे? फोटोग्राफरने मोबाइलवर आपल्या नावापुढे कॅमेरा लावला, तर ती त्याच्या दुकानाची पाटी झाली. दूधवाल्याने लावला, तर लोक त्याला लग्नाची तारीख विचारतील.

फोटोखाली मात्र या खुणेला एक खास अर्थ आला आहे. कॅमेरा आणि पुढे नाव, म्हणजे 'हा फोटो यांनी काढला'. जुन्या फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असे, त्याची जागा या खुणेने घेतली. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी रानफुले येतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हा फोटो काढायला गर्दी व्हायचीच. पण एकाने धुक्यात गुडघे टेकून फोटो काढायचा, आणि दुसऱ्याने घरी बसून तो आपला म्हणून लावायचा, हे काही मला पटत नाही. फोटो ही काढणाऱ्याची कृती आहे, असे आपला १९५७ सालचा कॉपीराइट कायदाही मानतो.

याहून मोठी गोष्ट पुराची. सांगलीला कृष्णेवर आयर्विन पूल आहे. तो १९२९ साली खुला झाला. पावसाळ्यात तिथे पाणी किती फुटांवर आहे, यावर नदीकाठच्या गावांचे लक्ष असते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आला. दोन्ही वेळचे पुलाचे फोटो शेजारी ठेवा. कोणता कधीचा, हे नुसते बघून सांगणे कठीण. असा एखादा जुना फोटो रात्री मोबाइलवर आला. खाली लिहिले आहे, 'पाणी वाढले', आणि शोभेला चार कॅमेरे. वाचणाऱ्याने काय करावे? जनावरे सोडून वर न्यावी, की सकाळची वाट पाहावी? चार कॅमेऱ्यांच्या ऐवजी एकच कॅमेरा लावून पुढे लिहायचे:

📷 काढणाऱ्याचे नाव. आयर्विन पूल, सांगली. ऑगस्ट २०१९.

एवढ्याने त्या घरची झोप वाचते. मात्र कॅमेऱ्याची खूण म्हणजे पुरावा नव्हे, बरे का. ती कोणीही टाइप करतो. नाव ओळखीचे आहे का, तारीख आहे का, हे बघायचे ते बघायचेच.

आणखी एक. डोळ्यांनी न दिसणारी माणसेही मोबाइल वापरतात. त्यांचा मोबाइल लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवतो. तुम्ही दहा कॅमेरे लावले, तर त्यांना आधी 'कॅमेरा, कॅमेरा, कॅमेरा' असे ऐकत बसावे लागते, आणि मजकूर राहतो मागे. खूण एकच लावा, आणि तीही नावाजवळ.

खूण काढायची कशी? अक्षरांच्या पाटीवर हसऱ्या तोंडाचे बटण असते, ते दाबा. चित्रांचे कप्पे उघडतात. विजेच्या दिव्याचा जो कप्पा आहे, त्यात वस्तू असतात. तिथे कॅमेरा सापडेल. साध्या बटणांच्या मोबाइलवर तो कप्पा नसला, तर दोन चौकटी कंस घ्या आणि मध्ये शून्य घाला: [०]. कॅमेऱ्याची पेटी झाली आणि मधली काचही झाली. कंस आणि शून्य जवळजवळ सगळ्या मोबाइलांना येतात, रिकामा चौकोन पडत नाही.