घाटघरची माणसं अड्ड्यावर

नाणेघाटात फिरायला जाणाऱ्यांना घाटघर माहीत असतं: जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचं, जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचं गाव. (अकोल्याचं, 250 मेगावॅट वीजप्रकल्पाचं घाटघर वेगळं!) पावसाळ्यात इथे धुकं, धबधबे आणि गाड्यांची रांग. दिवाळीनंतर मात्र बऱ्याच घरांत आजी-आजोबा आणि शाळकरी पोरंच उरतात.

कारण साधं आहे. पाऊस धो-धो पडतो, पण उतारावरून कोकणात नाहीतर धरणात जातो. भात, नाचणी, वरई निघाली की शेताला पाणी नाही. मग इथली महादेव कोळी कुटुंबं दीड-दोन तासांवरच्या नारायणगावला जातात.

तिथला मजुरांचा अड्डा पहाटे पाहावा. चुलीचा धूर, फडक्यात बांधलेली भाकरी, हातात विळा, आणि पिकअप थांबली की भोवती कोंडाळं. ‘किती माणसं? काय देणार?’ दोन वाक्यांत सौदा. कांदा लागण, टोमॅटोची तोडणी, द्राक्षांची विरळणी. एकाच तालुक्यात एकीकडे द्राक्षबागा, दुसरीकडे त्या बागांना पुरणारे हात. हे चित्र पर्यटकांच्या फोटोंत येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला पावलं परत वळतात, ती बाळहिरड्यासाठी. हिरड्याच्या झाडाखालची कोवळी फळं गोळा करून, वाळवून विकायची. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावातली कित्येक हिरड्याची झाडं मोडली. आजोबांच्या वेळचं झाड पडलं, तर नवं हाताशी यायला वर्षानुवर्षं लागतात.

पावसाळ्यात भाताची आवणी आली, की घरं पुन्हा भरतात.