वृद्ध रुग्ण आणि औषधांची फेरतपासणी : गैरसमज व वस्तुस्थिती

1926 साली परळला सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयापासून गिरगाव-दादरच्या लहानशा शुश्रूषागृहांपर्यंत, जिथे जिथे वयोवृद्ध रुग्ण दाखल होतात, तिथे मधुमेहाची गोळी एका डॉक्टरांची, रक्तदाबाची दुसऱ्यांची आणि गुडघेदुखीची नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने दिलेली, असा प्रकार नित्य आढळतो. ही सारी औषधे त्या विशिष्ट देहाला मानवतात की नाहीत, याची जाणत्या औषधनिर्मात्याने रुजवात घालावी, ही तजवीज म्हणजे औषधांची फेरतपासणी. तिच्याविषयीचे काही प्रचलित समज पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : औषधनिर्मात्याचे काम गोळ्या मोजून देण्यापुरतेच.

वस्तुस्थिती : या व्यवसायाला 1948 च्या कायद्याने शिस्त लावली, रुग्णसेवेशी निगडित असा सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम 2008 साली सुरू झाला. आणि रुग्णाची नोंद पाहून औषधोपचाराविषयी त्याच्याशी अथवा त्याच्या आप्तांशी स्वतः बोलणे, हे 2015 च्या नियमावलीने नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्यच ठरविले. औषध बदलण्याचा अखत्यार मात्र डॉक्टरांचाच. औषधनिर्माता दोष निदर्शनास आणतो, पर्याय सुचवितो, हुकूम काढीत नाही.

गैरसमज : क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत.

वस्तुस्थिती : वार्धक्यात स्नायू झिजतात, त्यामुळे क्रिएटिनिनची निर्मितीच घटते आणि मूत्रपिंडांची दुर्बलता अहवालात झाकली जाते. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला, तर 80 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या आणि क्रिएटिनिन 1 असलेल्या आजींची गाळणक्षमता मिनिटास अवघी 32 मिलिलिटर भरते. निरोगी तरुणात ती शंभराच्या आसपास असते. म्हणूनच मेटफॉर्मिन वा डिगॉक्सिन यांची मात्रा अशा रुग्णाला बेताने द्यावी लागते, आणि ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी रक्तातली साखर घातक पातळीपर्यंत उतरवू शकते.

गैरसमज : रुग्णालयातून परतल्यावर जुन्या गोळ्या चालू ठेवून नव्या त्यांत मिळवाव्यात.

वस्तुस्थिती : एकच औषध बाजारात अनेक नावांनी विकले जाते. इकोस्प्रिन एव्हीमध्ये ॲस्पिरिन आणि ॲटॉरव्हास्टॅटिन ही दोन्ही असतात. घरची ॲटॉरव्हाही चालूच राहिली, तर कुणाच्या ध्यानीमनी नसताना एकाच औषधाची मात्रा वाढते. दाखल होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना, अशा तिन्ही वेळी यादी ताडून पाहण्याचा आग्रह याकरिताच धरला जातो.

गैरसमज : सर्दीची गोळी, कॅल्शियम, काढे वा भस्मे ही काही औषधे नव्हेत, ती सांगायची गरज नाही.

वस्तुस्थिती : सर्दीच्या अनेक गोळ्यांतील क्लोरफेनिरामीन वृद्धांत भ्रम निर्माण करते आणि लघवी अडविते, रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲसिट्रोमच्या जोडीला डायक्लोफेनॅक घेतल्यास रक्तस्रावाचा धोका बळावतो, कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचे शोषण रोखते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर लागते. काही भस्मांत जड धातूही आढळले आहेत.

गैरसमज : फेरतपासणी म्हणजे गोळ्यांना कात्री.

वस्तुस्थिती : अमेरिकेत 1991 साली आलेले बीअर्स निकष वृद्धांनी टाळावयाची औषधे सांगतात; परंतु आयर्लंडमध्ये सिद्ध होऊन 2008 साली प्रसिद्ध झालेले स्टॉप-स्टार्ट निकष काय थांबवावे याबरोबरच काय राहून गेले आहे, हेही विचारतात. बीटा-ब्लॉकर, झोपेच्या वा स्टेरॉइडच्या गोळ्या तर परस्पर एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. शिवाय अपेक्षाही माफक असाव्यात : 2023 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अशा तपासणीने पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण बहुधा घटते, मृत्युदरात मात्र फारसा फरक पडलेला दिसत नाही.

औषधाचा दुष्परिणाम जाणवला, तर त्याची नोंद 1800-180-3024 या राष्ट्रीय क्रमांकावर नातेवाईकही विनामूल्य करू शकतात. आणि सर्वच रुग्णालयांत अशी तपासणी आपणहून होत नसल्यामुळे, वाचकहो, घरातल्या ज्येष्ठांना दाखल करताना सर्व औषधे मूळ वेष्टनांसह न्यावीत, काहीही लपवू नये, आणि डिस्चार्ज कार्ड हाती पडताच कोणती गोळी चालू, कोणती बंद आणि कोणाची मात्रा बदलली, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज रुग्णालय सोडू नये.