जामात अळी पडते? झाड तोडू नका, पाणी तोडा

पुण्या-मुंबईकडे ज्याला पेरू म्हणतात तो आपल्या वऱ्हाडात जाम. चांदूर रेल्वे आणि भोवतालच्या खेड्यांत घराच्या परसात, विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या नालीवर जामाचं एखादं झाड असतंच. आणि श्रावण-भादव्यात त्या घरची तक्रारही ठरलेलीच. "झाड तं लय लदलं हाये भाऊ, पन फोडला का अळ्याच अळ्या! तोडूनच टाकतो आता." असं म्हणून दरवर्षी कितीतरी चांगली झाडं कुऱ्हाडीखाली जातात. वाचकहो, तुमच्याही मनात तसं असेल तर कुऱ्हाड तूर्त बाजूला ठेवा. दोष झाडाचा नाही, बहाराचा आहे.

जामाला वर्षातून तीन वेळा फुलं येऊ शकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तो आंबे बहार, त्याची फळं जुलै ते सप्टेंबर या काळात पिकतात. जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, त्याचा जाम नोव्हेंबर ते जानेवारीत खायला मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हस्त बहार, तो थोडाच असतो. आता फळमाशीचं गणित पाहा. मे-जूनमध्ये ती आंब्यावर वाढते, पावसाळ्यात तिची संख्या भडकते आणि नेमका त्याच वेळी तुमचा आंबे बहाराचा जाम पिकायला लागतो. माशी सालीखाली अंडी घालते, दोन-तीन दिवसांत अळी निघते. वरून फळ चांगलं दिसतं, आतून सडलेलं असतं. शिवाय पावसाळी जाम पाणचट, गोडी कमी. थंडी पडली की माशी कमी होते आणि गोडीही भरते. म्हणजे खायचा तो थंडीचा जाम.

मग घरच्या झाडाला पावसाळ्यातच का लदते? कारण न्हाणीचं आणि धुण्याभांड्याचं पाणी त्याला बारा महिने मिळतं. झाडाला ताणच बसत नाही. वरुड-मोर्शीकडे तुमचे संत्रावाले पाहुणे असतील तर त्यांना विचारा. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडावं लागतं, हे त्यांना पाठ असतं. जामाचंही तेच. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच ओढाताण, तेव्हा झाडाला पाणी न देणं हे एक काम तरी सोपं आहे!

हिवाळ्याची फळं संपली की पाणी बंद करा. नाली दुसरीकडे वळवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तरीही फुलं आलीच, तर ती हातानं खुडून टाका. एकच झाड, पोरांना सांगितलं तर दोन संध्याकाळी काम होते. घरच्या बाईमाणसाचा जीव फुलं खुडताना हळहळतो, पण ती फुलं म्हणजे पुढच्या अळ्याच आहेत. एप्रिल-मेमध्ये पानं पिवळी पडून गळतील. घाबरू नका, ताण बसल्याची ती खूण आहे. मात्र हे चार वर्षांवरच्या झाडासाठी. लहान झाडाला आपल्या ४५ अंशांच्या उन्हात पाणी द्यावंच लागतं.

मेच्या शेवटी फांद्यांचे शेंडे चार-सहा बोटं छाटा. जामाला फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून ही छाटणी टाळू नका. बुडाभोवतीची माती हलकी खणा. मोठ्या झाडाला पाच-सहा घमेली कुजलेलं शेणखत, एक किलो युरिया, दोन किलो सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो पोटॅश, खोडापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या कडेला द्या. पाऊस लांबला तर जूनमध्ये एक-दोन पाणी द्या. फळं धरल्यावर आणखी एक किलो युरिया.

यंदा पावसाळी फळं लागलेलीच असतील, तर पडलेला जाम झाडाखाली एक दिवसही राहू देऊ नका. अळी फळातून निघून मातीत कोषात जाते आणि नवी माशी होऊन वर येते. पडलेली फळं दोन फूट खोल पुरा, उकिरड्यावर फेकू नका. फळ लिंबाएवढं झालं की कागदाची किंवा जुन्या कापडाची पिशवी बांधा. पोपटापासूनही बचाव होतो. मिथाइल युजेनॉलचा सापळा कृषी केंद्रात मिळतो, पण त्यात फक्त नरमाश्या अडकतात. शेजारच्या चार घरांनी मिळून लावला तर जास्त उपयोग. विषारी औषध मात्र परसातल्या झाडावर मारू नका. पोरं फळ तोडतात आणि न धुताच खातात. (वांदरांवरचा उपाय विचाराल तर तो अजून कोणालाच सापडलेला नाही. जाम गद्दर झाला की काढून घ्यावा, एवढंच.)

धुण्याच्या पाण्याचं आणखी एक दुखणं आहे. साबण-सोड्यानं काळी माती घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. पानं लहान राहून शिरांमधला भाग पिवळा पडला असेल तर जस्ताची कमतरता समजा. १० लिटर पाण्यात ६० ग्रॅम झिंक सल्फेट आणि ४५ ग्रॅम चुना मिसळून, गाळून फवारा. खोडावर भुशासारखी जाळी दिसली तर आत साल खाणारी अळी आहे. जाळी खरवडा, छिद्रात तार घालून अळी मारा, रॉकेलचा बोळा कोंबून वरून चिखल लिंपा. फळांवर कापसासारखा पांढरा किडा, म्हणजे पिठ्या ढेकूण असेल तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण मुंग्याच त्याला पोसतात. किडलेल्या डहाळ्या काढून जाळून टाका.

नवं झाड लावायचं तर बियाचं लावू नका, फळ कसं निघेल याचा भरवसा नाही. सरदार जातीचं कलम घ्या. डॉ. चीमा यांनी १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात निवडलेली ही जात लखनौ-४९ नावानंही मिळते. फळ मोठं, गर पांढरा, बिया मऊ. आपण संत्र्याच्या जिल्ह्यातले, पण 'क' जीवनसत्त्व जामात संत्र्याच्या सुमारे चौपट असतं हेही लक्षात असू द्या. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, त्यात चांगली माती, शेणखत आणि थोडा मुरूम. जमीन भारी काळी असेल तर उंचवटा करून त्यावर लावा. भिंतीपासून दहा फूट तरी अंतर हवं आणि कडुलिंबाच्या सावलीत तर मुळीच नको.

उंचवट्याचं एवढं सांगायचं कारण मर रोग. भारी जमिनीत पाणी साचलं की पावसाळ्यानंतर एकेक फांदी पिवळी पडत सुकते आणि बघता बघता झाड जातं. झाड पूर्ण वाळलं की त्यावर औषध नाही. तेव्हा मात्र कुऱ्हाड हाती घ्या, मुळांसकट काढून जाळा, त्या जागी पुन्हा जाम लावू नका. त्याआधी शेजाऱ्याच्या निरोगी, गोड झाडावर पावसाळ्याच्या सुरुवातीला गुटी बांधून ठेवा. मुळं फुटली की नव्या जागेचं झाड तयार.