व्हाया डोलवी

अलिबागचा वीकेण्ड म्हटला की तुमचा-आमचा प्लॅन ठरलेला असतो. पहाटे निघायचं, वडखळ नाक्यावर चहा-वडापाव हाणायचा आणि गाडीत डुलकी काढून थेट बीचवर उतरायचं. पण मंडळी, नाक्यानंतरचा तासाभराचा रस्ता झोपण्यासाठी नाहीच मुळी!

आमची वरात सहा जणांची होती. आई-बाबा, ताई-भावोजी, त्यांचा सात वर्षांचा चिरंजीव आणि मी. त्यातही बाबांचा छुपा अजेंडा वेगळाच. ते नुकतेच रिटायर झालेत आणि पीएफच्या पैशांतून अलिबागजवळ एक प्लॉट घ्यायचं त्यांच्या मनात आहे. रंगीत ब्रोशर खिशात घेऊनच ते गाडीत बसले होते.

वडखळजवळच डोलवी. इथला अवाढव्य स्टील कारखाना आधी इस्पातचा होता, २०१० मध्ये तो जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे गेला. चिमण्या बघून भाचा खूश. "ढग इथेच बनवतात का?" हा त्याचा प्रश्न भावोजींनी सोयीस्करपणे ताईकडे पास केला. कारखान्याचा कच्चा माल धरमतरच्या खाडीतून बार्जने येतो. त्याच खाडीवरचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना सपाट भातशेती लागते. आईला फोटो हवे होते, म्हणून पोयनाडच्या अलीकडे एका आडरस्त्याला गाडी थांबवली.

समोर मातीचा लांबलचक बांध. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला कापणीला आलेलं भात. आणि शेत चक्क भरतीच्या पाण्यापेक्षा खाली! बांधावर बसलेल्या एका आजोबांनी आमचा क्लासच घेतला. ही खारजमीन. खाडीला बांध घालून पिढ्यान् पिढ्या राखलेली. बांधात ठेवलेल्या दाराला म्हणतात उघाडी. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरती आली की ती मिटते. बांध दुरुस्त करायला पूर्वी सगळा गाव एकत्र उतरायचा. बांध फुटला तर?

"मग खारं पानी शेतात. दोन-तीन वर्सं भात नाय," आजोबा म्हणाले.

बाबांनी हळूच ब्रोशर काढून दाखवलं. आजोबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि एकच विचारलं, "हिकडचा बांध कोन बघतो?" ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल होता, क्लब हाउस होतं. बांधाचा उल्लेख कुठेच नव्हता.

या मातीसाठी इथली माणसं भांडलीही आहेत. जवळच्या चरी गावात १९३३ साली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. उपासमार सोसत सहा वर्षं त्यांनी जमीन कसली नाही. डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयकही मांडलं. अगदी अलीकडे, २००८ मध्ये, पेण परिसरातल्या २२ गावांत सेझला जमीन द्यायची की नाही यावर चक्क मतदान घेतलं गेलं.

अलिबागला पोचलो तेव्हा ओहोटी होती. कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता आलं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचा तलाव! भाच्याने ओंजळभर पाणी उडवून घेतलं. जेवायला जिताडा मिळाला. खाडीत आणि खारजमिनीतल्या तळ्यांत वाढणारा हा मासा म्हणजे इथली शान. बाबा मात्र जेवताना गप्पगप्पच. परतीच्या वाटेवर त्यांनी डीलरला फोन लावला आणि दोनच प्रश्न विचारले. प्लॉट भरतीरेषेच्या वर आहे की खाली? आणि बांधाची जबाबदारी कोणाची? "बघून सांगतो" असं उत्तर आलं. बाबांनी टोकनचा चेक तूर्तास होल्डवर ठेवलाय.

तुम्ही जाल तेव्हा एवढंच करा. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर किल्ला लांबूनच बघावा लागेल. शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा शेतं भरलेली असतात. येताना पेणला थांबून पोह्याचे पापड घ्या. आणि सेकंड होमचं स्वप्न असेल तर बीचच्या आधी बांधावर जाऊन या.